लॉगआउटचा अर्थ कोणी ठरवायचा? सिस्टमडी 230 मधील एका डीफॉल्टचे प्रकरण

21 मे 2016 रोजी सिस्टमडीची, म्हणजे बहुतेक लिनक्स यंत्रांवर सेवा आणि लॉगिन सांभाळणाऱ्या मूळ व्यवस्थापकाची, 230 वी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यासोबत आलेल्या बदलांच्या लांबलचक टिपणात एक नोंद अशी होती की, वापरकर्ता लॉगआउट झाला की त्याच्या सत्रात उरलेल्या सगळ्या प्रोसेस (चालू कार्यक्रम) लॉगिनडी हा लॉगिनांची नोंद ठेवणारा घटक यापुढे स्वतःहून संपवील. हे करणारी 'किलयूजरप्रोसेसेस' नावाची सेटिंग नवी नव्हती. ती आधीपासून होती आणि तिचे मूल्य 'नाही' असे होते. 230 मध्ये ते 'होय' झाले. कोडच्या दृष्टीने हा बदल नगण्य होता. बदलाची सूचना लेखी दिली होती, जुने वर्तन परत आणण्याचा मार्ग सांगितला होता, आणि वितरणांना (डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचांना) बांधणीच्या वेळीच जुने मूल्य निवडता यावे म्हणून वेगळा पर्यायही ठेवला होता. तरीही आठवडाभरात डेबियनच्या बग-यादीत 825394 या क्रमांकाची तक्रार उभी राहिली. लॉगआउट केल्यावर पार्श्वभूमीत चालणारी कामे मरतात, अशी ती साधी तक्रार होती, आणि तिच्याखाली जमलेली चर्चा पाहता पाहता यंत्रणेच्या रचनेवरच्या वादात बदलली.

सिस्टमडीवरचे बहुतेक वाद फार विस्तृत असतात. 'युनिक्सचे तत्त्वज्ञान', 'एकाच प्रकल्पाची मक्तेदारी', 'बायनरी लॉग' अशा मोठ्या शब्दांत ते हरवतात, आणि शेवटी कोण कोणाच्या बाजूचा एवढेच हाती लागते. हे प्रकरण त्या मानाने लहान आहे. यात एकच सेटिंग आहे, तिची दोनच मूल्ये आहेत, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे तांत्रिक पातळीवर तपासून पाहता येते. म्हणूनच ते अभ्यासासाठी निवडले आहे.

जुना करार

युनिक्समध्ये 'लॉगआउट' या गोष्टीची कर्नलला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्याला, स्वतंत्र ओळख कधीच नव्हती. कर्नलला ठाऊक असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत: प्रोसेस, प्रोसेसचा गट, सत्र, आणि त्या सत्राला जोडलेले नियंत्रक टर्मिनल. टर्मिनलची लाइन तुटली की कर्नल सिगहप हा सिग्नल पाठवतो. त्याच्या नावातला 'हँगअप' हा शब्द मोडेमच्या काळातला आहे, जेव्हा फोन ठेवणे आणि लाइन तुटणे ही एकच घटना होती. हा सिग्नल मिळालेली प्रोसेस डीफॉल्टनुसार मरते. पण ती त्याकडे दुर्लक्ष करू शकते, तो पकडून दुसरेच काही करू शकते, किंवा मुळात त्या सत्राच्या बाहेर पडून सिग्नल आपल्यापर्यंत पोचूच देत नाही.

'नोहप' हा आदेश यांपैकी पहिला मार्ग वापरतो: सिगहपकडे दुर्लक्ष करण्याची खूण लावून तो पुढचा कार्यक्रम सुरू करतो. सर्व्हर प्रकारचे कार्यक्रम तिसरा मार्ग घेतात. ते एकदा फोर्क करतात, म्हणजे स्वतःची एक प्रत काढतात, मूळ प्रोसेस बाहेर पडते, अपत्य सेटसिड या कॉलने नवे सत्र उघडते, आणि बहुतेक वेळा पुन्हा एकदा फोर्क करून नियंत्रक टर्मिनल चुकूनही चिकटणार नाही याची खात्री करते. 1987 पासूनचे स्क्रीन आणि त्याच्या वीस वर्षांनंतर आलेले टीमक्स हे टर्मिनलमधले काम जोडणी सुटली तरी चालू ठेवणारे दोन्ही कार्यक्रम याच युक्तीवर उभे आहेत. दूरच्या यंत्रावर एसएसएचने जायचे, टीमक्स उघडायचे, दहा तास चालणारे काम लावायचे, जोडणी सोडून निघून जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन निकाल पाहायचा, ही सवय संशोधक आणि प्रशासक यांच्या हाडीमाशी खिळलेली आहे.

या व्यवस्थेचे एक वैशिष्ट्य पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. टिकून राहायचे की नाही, हे टिकणाऱ्या प्रोसेसने ठरवायचे असते. ती कोणाची परवानगी मागत नाही, कोणाला कळवत नाही. कर्नलने सर्वांना दिलेले कॉल वापरते आणि बाहेर पडते. बॅश या नेहमीच्या शेलचे डीफॉल्ट तर याहूनही सैल आहे. 'एक्झिट' लिहून नीट बाहेर पडल्यास बॅश पार्श्वभूमीतल्या कामांना सिगहप पाठवतही नाही, कारण तसे करायला लावणारा 'हपऑनएक्झिट' हा पर्याय मुळात बंद असतो. त्यामुळे बऱ्याच जणांची कामे नोहपशिवायही टिकत आली, आणि ती का टिकतात याचा विचार करण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

सीग्रुपने बदललेला हिशेब

सीग्रुप ही प्रोसेसचे गट करण्याची सोय जानेवारी 2008 मध्ये लिनक्स कर्नल 2.6.24 सोबत आली. तिचा मूळ हेतू साधनांची वाटणी हा होता: कोणत्या गटाला किती मेमरी, किती सीपीयू. 2010 मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी सिस्टमडीची आखणी केली तेव्हा त्यांनी याच सोयीतला दुसरा गुण हेरला. प्रोसेसने कितीही वेळा फोर्क केले, सेटसिड केले, पालक गमावला, तरी तिचे अपत्य जन्मतः त्याच सीग्रुपमध्ये राहते. आणि सामान्य वापरकर्त्याची प्रोसेस आपल्या ताब्यात नसलेल्या सीग्रुपमध्ये उडी मारू शकत नाही. दोनदा फोर्क करून पसार होण्याची युक्ती इथे चालत नाही.

सेवांच्या बाबतीत याचा फायदा निर्विवाद होता. पूर्वी वेब सर्व्हर थांबवायचा म्हणजे पीआयडी फाइलीतला प्रोसेसचा क्रमांक वाचायचा, त्या क्रमांकाला सिग्नल पाठवायचा आणि त्याच्या अपत्य प्रोसेसपैकी एखादे मागे राहिले नसेल अशी आशा करायची. सीग्रुप आल्यावर 'ही सेवा थांबव' या वाक्याला पहिल्यांदाच पूर्ण अर्थ मिळाला. सिस्टमडीच्या कडव्या विरोधकांपैकीही हा मुद्दा नाकारणारे थोडेच असतील.

हीच कल्पना लॉगिनडीने माणसांच्या सत्रांना लावली. कोणी लॉगिन केले की पॅम या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेतील सिस्टमडीचा भाग लॉगिनडीला कळवतो, आणि त्या लॉगिनसाठी एक 'स्कोप', म्हणजे वेगळा सीग्रुप, तयार होतो. वापरकर्त्याच्या नावाचा एक स्लाइस (मोठा गट), त्याच्या आत प्रत्येक लॉगिनचा एक स्कोप, आणि शेजारी त्या वापरकर्त्याचा स्वतःचा सिस्टमडी व्यवस्थापक, अशी ही मांडणी आहे. टीमक्सचा सर्व्हर सेटसिड करून युनिक्सच्या अर्थाने सत्राबाहेर पडला, तरी लॉगिनडीच्या अर्थाने तो जिथे जन्मला त्याच स्कोपमध्ये राहतो. 'सत्र' या एका शब्दाला आता दोन अर्थ होते आणि दोन्ही एकाच यंत्रावर एकाच वेळी खरे होते. किलयूजरप्रोसेसेस 'नाही' असेतोवर ही विसंगती कोणाला बोचत नव्हती. लॉगआउटनंतर लॉगिनडी तो स्कोप वाऱ्यावर सोडून देई, सत्राची स्थिती 'क्लोजिंग' अशी दाखवत राही, आणि आतल्या प्रोसेस सुखाने चालत.

मूल्य 'होय' झाले की स्कोप थांबवला जातो. आतल्या सगळ्या प्रोसेसना सिगटर्म (थांबण्याची सूचना देणारा सिग्नल) जातो, त्यापाठोपाठ सिगहपही जातो, आणि ठरलेल्या मुदतीत जे गेले नाहीत त्यांना सिगकिल. नोहपचा इथे काहीच उपयोग नाही, कारण नोहप फक्त सिगहप अडवते, सिगटर्म नाही. सिगटर्म अडवणाराही सिगकिलपुढे टिकत नाही. जुन्या करारातील सर्व कलमे एका फटक्यात निष्प्रभ झाली.

बदल का केला

विरोधकांच्या लिखाणात बदल करणाऱ्यांचा हेतू बहुधा 'लेनार्टचा हट्ट' एवढ्यावर आटोपलेला दिसतो. ते अन्यायाचे आहे, कारण ज्या दुखण्यावर हा इलाज होता ते दुखणे खरे होते. डेस्कटॉपचे सत्र म्हणजे एक टर्मिनल नव्हे. ते डझनावारी लहानमोठ्या प्रोसेसचे गाठोडे असते. ध्वनी, कीबोर्डची इनपुट पद्धत, सूचना, फाइलींची अनुक्रमणिका, गुप्त किल्ल्या सांभाळणारा एजंट, या सगळ्यांनी लॉगआउटच्या वेळी आपापले आवरून निघून जावे अशी अपेक्षा असते. यांतले काही जात नाहीत. मग पुढच्या लॉगिनला जुन्या सत्राचे अवशेष आणि नवे सत्र एकमेकांच्या पायांत येतात: एखादी सॉकेट आधीच व्यापलेली असते, एखादा कुलूपबंद डेटाबेस उघडत नाही, एखादी प्रोसेस सीपीयू खात बसते आणि तिचा मालक केव्हाच घरी गेलेला असतो. अनेकांनी वापरायच्या प्रयोगशाळेतील यंत्रांवर हे रोजचे आहे, आणि तिथल्या प्रशासकांनी यासाठी वर्षानुवर्षे स्वतःच्या साफसफाईच्या स्क्रिप्ट लिहिल्या आहेत. नेटवर्कवरून जोडलेली गृह-निर्देशिका अशा उरलेल्या प्रोसेसमुळे काढता येत नाही, हाही त्यातलाच प्रकार.

दुसरा युक्तिवाद सुरक्षेचा होता. लॉगआउट झालेल्या वापरकर्त्याचा कोड यंत्रावर चालत राहावा की नाही, हा प्रशासकाने ठरवायचा प्रश्न आहे. कोणत्याही प्रोसेसने दोनदा फोर्क करून तो आपल्यापुरता सोडवावा हे योग्य नाही. ज्याला टिकायचे आहे त्याने तसे उघडपणे सांगावे, आणि त्या सांगण्यावर यंत्रणेला धोरण लावता यावे. यासाठी दोन साधने दिली होती. सिस्टमडी-रन या आदेशाने कार्यक्रम सत्राच्या स्कोपबाहेर, वापरकर्त्याच्या व्यवस्थापकाखाली सुरू करता येतो. आणि लॉगिनसीटीएलच्या 'एनेबल-लिंगर' या उपआदेशाने तो व्यवस्थापकच लॉगआउटनंतर जिवंत ठेवता येतो.

ही दोन साधने एकत्रच लागतात, हे घाईत वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. सिस्टमडी-रनने टीमक्स बाहेर काढले पण लिंगर चालू केले नाही, तर शेवटचे सत्र मिटल्यावर वापरकर्त्याचा व्यवस्थापक थांबतो आणि त्याच्याखालचे टीमक्सही त्याच्यासोबत जाते. म्हणजे पूर्वी ज्या गोष्टीसाठी एक शब्द पुरत होता, तिच्यासाठी आता एक आदेश, त्याचे दोन पर्याय, आणि एकदाच करायची पण आधी ठाऊक असावी लागणारी एक परवानगी लागू लागली. सिस्टमडीच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये आजही स्पष्ट लिहिलेले आहे की हे मूल्य 'होय' ठेवल्यास स्क्रीन आणि टीमक्स यांसारखी साधने मोडतील. एखाद्या प्रकल्पाने आपल्या डीफॉल्टचा दुष्परिणाम इतक्या प्रामाणिकपणे नोंदवावा आणि तरीही ते डीफॉल्ट कायम ठेवावे, यात त्याची विचारपद्धती स्वच्छ दिसते: मोडणारी गोष्ट चुकीच्या गृहीतकावर उभी होती, तेव्हा दुरुस्ती तिची व्हावी.

आक्षेप कुठे बसतो

डेबियनमधील चर्चेत नेहमीचा त्रागा भरपूर होता. फेब्रुवारी 2014 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीने अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी स्वीकारले होते, त्यावरून त्याच वर्षी देवुआन ही शाखा फुटण्याची घोषणा झाली होती, आणि त्या जखमा अजून ओल्या होत्या. तो भाग बाजूला ठेवला तर एकच आक्षेप खरोखर वजनदार उरतो, आणि तो 'माझे काम मेले' हा नाही.

तो आक्षेप असा. पार्श्वभूमीत टिकून राहण्याची इच्छा व्यक्त करण्याची एक भाषा आधीच अस्तित्वात होती. नोहप, सेटसिड, डीमन हा लायब्ररी कॉल ही ती भाषा. तिच्यातले सेटसिड आणि नोहप पॉझिक्स या युनिक्सच्या मानकात नोंदलेले आहेत, आणि ही सगळी भाषा लिनक्सवर, बीएसडींवर, सोलारिसवर सारखीच समजली जात होती. प्रोसेस विसरून मागे राहिली की मुद्दाम थांबली, हे यंत्रणेला कळत नाही, असा सिस्टमडीच्या बाजूचा दावा होता. पण टीमक्सने सेटसिड केले, नोहपने सिगहप झाकला, याचाच अर्थ तिने 'मुद्दाम' असे म्हटले होते. लॉगिनडीने ती खूण वाचण्याऐवजी नवी खूण मागितली, आणि ती नवी खूण फक्त सिस्टमडी असलेल्या यंत्रावर देता येते.

याला प्रत्युत्तर आहे आणि तेही पोकळ नाही. सेटसिड केवळ मुद्दाम टिकणारेच करतात असे नाही. डेस्कटॉपच्या ज्या घटकांमुळे हा बदल करावा लागला, त्यांच्यातलेही कित्येक स्वतःला डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत राहणारा कार्यक्रम, बनवतात. जुनी खूण इतक्यांनी इतक्या कारणांसाठी वापरली होती की तिच्यावरून हेतू ओळखणे खरोखर अशक्य झाले होते. माझ्या मते इथे दोन्ही बाजू एकाच वस्तुस्थितीकडे पाहून उलट निष्कर्ष काढत होत्या. जुनी भाषा संदिग्ध होती, हे खरे. पण त्या संदिग्धतेचा भार कोणावर टाकायचा हा निर्णय तांत्रिक नव्हता. तो भार डेस्कटॉपच्या बेशिस्त घटकांवर टाकता आला असता, कारण ते मोजके होते, त्यांचे लेखक ठाऊक होते आणि त्यांतील बरेच सिस्टमडीशी आधीच जुळवून घेणाऱ्या प्रकल्पांतले होते. त्याऐवजी तो टाकला गेला जगभरच्या अगणित स्क्रिप्टांवर आणि सवयींवर, ज्यांना कोणी मालक नाही आणि ज्यांना बदलांचे टिपण वाचायची सवय नाही.

शिवाय दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. उरलेली प्रोसेस जिवंत राहिली तर मेमरी वाया जाते, पुढचे लॉगिन अडखळते. प्रशासक चिडतो, पण हाताने ती मारू शकतो. चालू हवी असलेली प्रोसेस मेली तर तीन दिवसांची गणना गेली आणि ती परत आणण्याचा मार्ग नाही. डीफॉल्ट निवडताना ज्या बाजूची चूक भरून काढता येते त्या बाजूला झुकावे, हा विचार या प्रकरणात 'नाही'च्या पारड्यात पडतो. बंदिस्त प्रयोगशाळेत तोच विचार उलट पारड्यात पडू शकेल, पण तिथे सेटिंग बदलणारा प्रशासक हजर असतो.

टीमक्सच्या दारात

सिस्टमडीच्या बाजूने एक रीतसर प्रयत्न झाला, आणि माझ्या दृष्टीने तो या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग आहे. टीमक्सच्या लेखकांकडे अशी विनंती गेली की, त्यांच्या सर्व्हरने सुरू होतानाच स्वतःसाठी वेगळा स्कोप मागून घ्यावा, म्हणजे वापरकर्त्याला काही वेगळे करावे लागणार नाही. वरकरणी मागणी वाजवी होती. एका ठिकाणी थोडा कोड लिहिला की लाखो जणांची अडचण मिटते.

टीमक्सच्या बाजूने पाहिल्यास चित्र वेगळे दिसते. टीमक्स हा 2009 पासून ओपनबीएसडी या वेगळ्या युनिक्स यंत्रणेच्या मूळ संचाचा भाग आहे. त्याचे घर लिनक्स नाही. स्वतःला पार्श्वभूमीत नेण्यासाठी तो डीमन हा कॉल वापरतो, जो अनेक यंत्रणांच्या सी लायब्ररीत आहे. लिनक्सवर 'पार्श्वभूमीत जाणे' याचा अर्थ बदलला असेल, तर तो बदल त्या कॉलच्या आत, म्हणजे लिनक्सच्या सी लायब्ररीत व्हायला हवा, म्हणजे टीमक्सच नव्हे तर तो कॉल वापरणारे सगळेच कार्यक्रम सुधारतील. प्रत्येक कार्यक्रमाने डी-बस या संदेशवाहिनीवरून एका विशिष्ट व्यवस्थापकाशी बोलायला शिकावे ही अपेक्षा उलट्या टोकाची आहे, असा त्या बाजूचा रोख होता.

हा युक्तिवाद ऐकायला निर्णायक वाटतो, पण तो पुरता सुटत नाही. सी लायब्ररीतला डीमन कॉल डी-बसवर बोलू लागला, तर लायब्ररीचे अवलंबित्व एका वरच्या थरातल्या घटकावर जाईल, आणि ते लायब्ररीच्या सांभाळकर्त्यांना रुचेल असे मानायला काही आधार नाही. शिवाय डेस्कटॉपचे बेशिस्त घटकही तोच कॉल वापरून निसटतील आणि सगळे पुन्हा पहिल्या जागी येईल. अडचण अशी होती की, 'मला टिकायचे आहे' हे सांगण्याची जागा प्रोसेस आणि कर्नल यांच्या मधून उठून प्रोसेस आणि व्यवस्थापक यांच्या मधे गेली होती, आणि त्या नव्या जागेसाठी सर्वमान्य करार कोणीच लिहिलेला नव्हता. सिस्टमडीने आधी अंमलबजावणी केली आणि करार नंतर इतरांनी स्वीकारावा अशी अपेक्षा ठेवली. पुढे कालांतराने टीमक्समध्ये सिस्टमडीसाठी ऐच्छिक आधार आला, पण तो बांधणीच्या वेळी निवडायचा पर्याय म्हणून.

निकाल

निकाल झटपट लागला आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. डेबियनच्या सांभाळकर्त्यांनी थोड्याच दिवसांत आपल्या बांधणीत जुने मूल्य परत आणले, आणि उबुंटूकडेही तेच गेले. फेडोरा आणि आर्च यांनीही आपल्या बांधणीत 'नाही' हेच ठेवले. सिस्टमडीने स्वतः माघार घेतली नाही. मूळ प्रकल्पाचे डीफॉल्ट आजही 'होय' आहे.

यातून एक चमत्कारिक परिस्थिती तयार झाली. मूळ मॅन्युअल एक सांगते आणि मोठ्या वितरणांवरची प्रत्यक्ष यंत्रे दुसरेच करतात. उत्तर शोधणारा नवखा माणूस मॅन्युअल वाचून 'आपले टीमक्स मरणार' असे समजतो आणि ते मरत नाही. किंवा कोणाचा तरी जुना सल्ला वाचून 'मरत नाही' असे समजतो आणि ते मरते. हे दुसरे कसे घडते, तो भाग पुढे येतो.

मागचे दार

बहुतेक लिखाण हे प्रकरण इथेच संपवते: सिस्टमडीने ताणले, वितरणांनी सोडवले, जुने वर्तन टिकले. ते अर्धेच खरे आहे.

सप्टेंबर 2019 मध्ये आलेल्या ग्नोम 3.34 पासून ग्नोम या डेस्कटॉपने आपले सत्र वापरकर्त्याच्या सिस्टमडी व्यवस्थापकामार्फत सुरू करायला सुरुवात केली. यामागचे कारण तेच जुने होते: सत्रातले घटक नीट क्रमाने सुरू व्हावेत, कोसळले तर परत उठावेत, लॉगआउटला खात्रीने जावेत. म्हणजे 2016 साली जी साफसफाई लॉगिनडीकडून जबरदस्तीने करवून घ्यायची होती, ती आता डेस्कटॉपने स्वतःची व्यवस्था सुधारून मिळवली. भार बेशिस्त घटकांवर टाकावा, असे वर म्हटले, ते तीन वर्षांनी प्रत्यक्षात घडले, आणि चांगले घडले.

पण त्याचा एक परिणाम टर्मिनलपर्यंत पोचला. ग्नोमच्या टर्मिनलचा सर्व्हर वापरकर्त्याच्या व्यवस्थापकाखालची सेवा म्हणून चालतो, आणि त्यात उघडलेल्या शेलही त्याच व्यवस्थापकाखालच्या स्कोपमध्ये जातात. लॉगिनडीच्या सत्र-स्कोपशी त्यांचा संबंध उरत नाही. आता या टर्मिनलमध्ये कोणी टीमक्स उघडले, काम लावले, जोडणी सोडली आणि डेस्कटॉपमधून लॉगआउट केले, तर काय होते? किलयूजरप्रोसेसेस 'नाही' आहे, त्यामुळे सत्राच्या स्कोपमधील प्रोसेसना कोणी मारत नाही. पण टीमक्स तिथे नाहीच. वापरकर्त्याचे शेवटचे सत्र पूर्ण मिटले की लॉगिनडी काही सेकंद थांबतो, मग त्याचा व्यवस्थापक थांबवतो, आणि व्यवस्थापक थांबताना आपल्या हाताखालचे सगळे आवरतो. लिंगर चालू नसेल तर टीमक्स जाते. 2016 मध्ये ज्या वर्तनाविरुद्ध एवढे रण माजले, तेच वर्तन दुसऱ्या वाटेने आले, आणि या वेळी त्यावर तसा गदारोळ झाला नाही.

तो का झाला नाही याचे एक कारण उघड आहे: ज्यांची लांबलचक कामे टीमक्सवर अवलंबून असतात ते बहुधा एसएसएचने जातात, आणि एसएसएचचे लॉगिन अजूनही सत्राच्या स्कोपमध्येच राहते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. 2016 मध्ये बदललेली गोष्ट एका नावाची होती. तिच्यावर बोट ठेवता येत होते, तिच्याविरुद्ध तक्रार लिहिता येत होती, ती परत फिरवता येत होती. 2019 नंतर बदलली ती प्रोसेस जन्माला येण्याची जागा. तिला नाव नाही, तिची सेटिंग नाही, आणि बदलांच्या टिपणात 'तुमचे टीमक्स आता वेगळ्या झाडावर लटकेल' असे वाक्य कोणी लिहीत नाही.

याच काळात रूटशिवाय, म्हणजे प्रशासकाच्या अधिकारांविना, चालणाऱ्या कंटेनरांमुळे लिंगर हा शब्द नव्या पिढीपर्यंत पोचला. पॉडमन या कंटेनर चालवणाऱ्या साधनाने आपल्या खात्यातून कंटेनर पार्श्वभूमीत सुरू करायचा, लॉगआउट करायचे, आणि परत आल्यावर तो थांबलेला सापडायचा, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की 'एनेबल-लिंगर करा' हे त्यावरचे ठरलेले उत्तर बनले आहे. या वापरकर्त्यांना 825394 हा क्रमांक ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांच्या लेखी लॉगआउटनंतर टिकण्यासाठी आधी सांगावे लागते हा यंत्रणेचा नैसर्गिक नियम आहे, जसा त्यांच्या आधीच्या पिढीच्या लेखी न सांगता टिकणे हा नैसर्गिक नियम होता.

मूल्यमापन करायचे तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. टिकण्याची इच्छा उघड नोंदवावी, ती यंत्रणेला वाचता यावी आणि तिच्यावर धोरण लावता यावे, ही सिस्टमडीची भूमिका मला रचनेच्या दृष्टीने बरोबर वाटते; जुन्या युक्त्या म्हणजे खूण नव्हत्या, केवळ पळवाटा होत्या ज्यांना पुढे परंपरेचा मान मिळाला. परंतु त्या भूमिकेकडे जाण्याचा मार्ग चुकला. आधी नवी खूण सर्वत्र रुजू द्यायची, साधनांनी ती वापरेपर्यंत लॉगिनडीने फक्त 'ही प्रोसेस पुढे मारली जाईल' असा इशारा लॉगमध्ये नोंदवायचा, आणि मग डीफॉल्ट फिरवायचे, असा क्रम शक्य होता. त्याऐवजी डीफॉल्ट हेच दबावाचे साधन बनले. वितरणांनी तो दबाव स्वतःवर घेऊन निष्प्रभ केला, त्यामुळे नवी खूण पसरवण्याची निकडही संपली, आणि सत्राचे दोन अर्थ एकमेकांशेजारी तसेच राहिले.

त्याचा परिणाम एखाद्या साध्या तपासणीत दिसतो. ग्नोम असलेल्या डेबियनच्या यंत्रावर एकदा एसएसएचने जाऊन आणि एकदा समोर बसून डेस्कटॉपच्या टर्मिनलमधून, एकाच खात्यातून टीमक्स सुरू करावे, आणि दोन्ही वेळा टीमक्सच्या सर्व्हरचा सीग्रुप प्रॉक निर्देशिकेतून वाचावा. पहिल्या वेळी मार्ग सत्राच्या स्कोपवर संपतो, दुसऱ्या वेळी तो वापरकर्त्याच्या व्यवस्थापकातून जातो. लॉगिनडीच्या संरचना फाइलीत दोन्ही वेळा एकच ओळ असते, किलयूजरप्रोसेसेस 'नाही', आणि लॉगआउटनंतर यांपैकी कोणते टीमक्स उरेल हे त्या ओळीवरून सांगता येत नाही.